मी पाव खाल्लेला नाही

१. तोंडापासून शेवटपर्यंत

मी चोरून पाव खाल्ला, असा आरोप माझ्यावर झाला तेव्हा मी विमा कंपनीच्या खुर्चीत बसले होते आणि समोर सी नूमान चष्मा पुसत होता. वाईट बातमी द्यायची असली की हा माणूस चष्मा पुसतो. चांगली बातमी देताना काय करतो ते मला ठाऊक नाही. पण या शाखेचा तोच सर्वेसर्वा, त्यामुळे निकाल त्याच्याच तोंडून ऐकणं भाग होतं.

“लल्ला मुंजिया, राग मानू नका,” तो म्हणाला. आमच्याकडे बाईच्या नावाआधी मानाने लल्ला लावतात आणि पुरुषाच्या नावाआधी सी. “तुम्हाला सिलिॲक आहे हे तुम्ही आधीच सांगितलंत, त्याचा जादा हप्ताही भरलात. सगळं मान्य. पण अट काय होती? पथ्य पाळायचं. तुम्ही अन्नाबाला गेलात आणि पथ्य मोडलंत. मग तिथल्या इस्पितळाचा खर्च कंपनी का देईल?”

“मी पथ्य मोडलेलं नाही.”

“मग गहू काय पंख लावून पोटात गेला?”

त्याने टोमणा मारला होता. पण मला तो टोमणा वाटेना, कारण हाच प्रश्न अन्नाबाहून परत आल्यापासून माझं डोकं खात होता.

आमचं बेजा हे गव्हाचं गाव. घरातून बाहेर पडलं की गहू, स्टेशनापाशी गव्हाची कोठारं, लग्नात गहू आणि मयतीलाही गहू. अशा गावात राहणाऱ्या मला नेमका हा आजार झाला. गव्हाचा कण पोटात गेला की आतडी बंड करतात. यावर औषध नाही, आयुष्यभर गव्हाला लांबूनच हात जोडायचे. निदान झालं तेव्हा सासू म्हणाली होती, “यापेक्षा हिचा पाय मोडला असता तर बरं, निदान आमच्याबरोबर जेवायला तरी बसली असती.” सासू केव्हाच गेली, पथ्य अजून चालू आहे. मी ते एकदाही मोडलेलं नाही.

सीमेपलीकडे अन्नाबाला आम्ही गेलो होतो बूल खेळायला. लोखंडी गोळे फेकायचे आणि लाकडाच्या लहानशा गोळीच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे, असा हा खेळ. माझी जोडीदार रफीका आपला गोळा अलगद जवळ नेऊन ठेवते आणि मी समोरच्याचा गोळा उडवून लावते. स्वभावाप्रमाणे आम्ही कामं वाटून घेतली आहेत. सगळे सामने जिंकून आम्ही अंतिम फेरीत पोचलो आणि शुक्रवारी दुपारी जेवणानंतर मला ओकाऱ्या सुरू झाल्या. शनिवारी अंतिम सामना होता. मी सलाइन लावून इस्पितळात पडले होते आणि अन्नाबाची जोडी न खेळताच जिंकली.

“झालं ते झालं,” मी नूमानला म्हटलं. “पुढच्या महिन्यात मार्सेयला स्पर्धा आहे. मला नवी पॉलिसी द्या.”

“देतो ना! फक्त पचनाचे आजार वगळून.”

“म्हणजे काय काय वगळून?”

“म्हणजे तोंडापासून...”

“कुठपर्यंत?”

त्याने वर पंख्याकडे पाहिलं. “शेवटपर्यंत.”

“म्हणजे माझे हातपाय तेवढे मार्सेयला जाणार आणि पोट बेजालाच राहणार?”

तो हसला नाही. मीही हसवण्यासाठी बोलले नव्हते. आमच्या क्लबचा अध्यक्ष सी लझहर याने आधीच बजावलं होतं की, अन्नाबाचं बिल क्लबला भरावं लागलं, आता पूर्ण विमा असेल तरच संघात जागा. शनिवारी नावं जाणार होती. पूर्ण विमा नसेल तर माझ्या जागी राबेब जाणार. राबेब ही लझहरची सख्खी पुतणी आहे, आणि तो म्हणतो की हा निव्वळ योगायोग.

“मी पाव खाल्ला हे तुम्हाला कुणी सांगितलं?” मी विचारलं.

नूमानने फोन पुढे सरकवला. फोनवर अन्नाबाच्या मैदानातला एक फोटो होता. त्यात मी होते, आमच्या क्लबच्या हिरव्या टोपीत. माझ्या हातात पाव होता आणि तो पाव माझ्या तोंडापाशी होता.

“हा तर तुमच्याच क्लबच्या पानावर आहे,” तो म्हणाला. “शिवाय तिथल्या डॉक्टरलाही तुमच्याच माणसाने सांगितलं की तुम्ही पाव खाल्ला.”

२. भिंतीवरचा पाव

राबेब मैदानावर एकटीच सराव करत होती. बावीस-तेवीस वर्षांची पोर, तोंडात सतत च्युइंगम, आणि नेम असा की मला तिचा हेवा वाटतो. मी तिच्यासमोर फोटो धरला.

“हा तू काढलास?”

“हो, खालती.” आमच्याकडे आईच्या वयाच्या बाईला खालती, म्हणजे मावशी, अशीच हाक मारतात. “छान आलाय ना? खूप लोकांना आवडला.”

“विमा कंपनीला तर फारच आवडला. त्यांच्या मते मी यात पाव खातेय.”

तिचं चघळणं थांबलं. “खातेय? पाव जमिनीवर पडला होता! कुणाचा तरी पाय पडेल म्हणून तुम्ही उचललात. मी कौतुकाने काढला हो फोटो. गव्हाची सावलीसुद्धा ज्यांना चालत नाही, त्याच पावाची काळजी घेतायत, असं लिहिलंही होतं खाली.”

आमच्याकडे पडलेला पाव कुणी ओलांडून जात नाही. उचलायचा, ओठांना लावायचा आणि भिंतीवर उंच ठेवून द्यायचा. लहानपणापासून हात आपोआप तसा जातो. आजार झाल्यापासून मी ओठांऐवजी कपाळाला लावते, एवढाच बदल. पण कपाळाकडे जाणारा हात तोंडावरूनच जातो आणि राबेबने नेमका तोच क्षण टिपला होता.

“अजून आहेत का फोटो?”

तिने मागचे-पुढचे फोटो दाखवले. एकात पाव माझ्या कपाळाला, पुढच्यात भिंतीवर, त्याच्या पुढच्यात मी बाटलीतल्या पाण्याने हात धुतेय. आणि हे सगळं गुरुवारी सकाळी घडलं होतं. मला त्रास झाला शुक्रवारी दुपारी. पावाच्या फोटोचा निकाल लागला, पण एक प्रश्न उरलाच होता.

“राबेब, सरळ विचारते. मी घरी राहिले तर मार्सेयला तू जाणार.”

“हो. आणि मला जायचंय, ते मी कशाला लपवू?” ती माझ्या डोळ्यांत डोळे घालून म्हणाली. “पण तुम्हाला हरवून जायचंय. तुमच्या ओकाऱ्यांवर पाय ठेवून नाही.”

उत्तर मला आवडलं. चोर असं बोलत नाही, निदान माझ्या ओळखीचे तरी बोलत नाहीत.

“मग डॉक्टरला कोण म्हणालं मी पाव खाल्ला म्हणून?”

“मला काय माहीत? मला आत सोडलंच नाही. काका बाहेर फोनवर ओरडत होते.” ती जरा घुटमळली. “आत तुमच्याजवळ एकच जण होतं, खालती. तुम्हाला माहीत आहे कोण ते.”

३. रफीकाची भट्टी

रफीका मातीच्या भट्टीवर तबूना भाजत होती. गव्हाची गोल, जाड रोटी, भट्टीच्या आतल्या अंगाला थापलेली. मी अंगणाच्या दारातच उभी राहिले. इतकी वर्षं मी तिच्याकडे आले की दारातच उभी राहते, ती हात धुते आणि मग बाहेर येते. आमची मैत्री या हात धुण्यावर टिकली आहे.

“डॉक्टरला तू सांगितलंस,” मी म्हटलं.

हात पुसता पुसता ती थांबली. “त्याने विचारलं, हिच्या पोटात गहू गेलेला दिसतो, खाल्ला का? मी रडत होते, मुंजिया. मी म्हटलं, खाल्लाच असेल, नाहीतर जाईल कसा!”

“खाल्लाच असेल!”

“तूच एकदा म्हणाली होतीस, तबूनाचा वास आला की तुला रडू येतं.”

“येतं. आत्ताही येतंय. म्हणून मी खाते?” माझा आवाज चढला. शेजारच्या गच्चीवरची बाई डोकावली, तर डोकावू दे. “रफीका, खरं सांग. तुला वाटतं मी चोरून खाल्ला?”

ती कोरडे झालेले हात पुसतच राहिली. विमा कंपनीने मला खोटारडी ठरवलं तेव्हा मला राग आला होता. रफीकाच्या गप्प बसण्याने मात्र आतून काहीतरी तुटल्यासारखं झालं आणि हे मी तिला तिथेच सांगून टाकलं.

“मग दुसरं काय झालं असेल ते शोधून दाखव,” ती रडवेली होऊन म्हणाली. “मला तुझ्यावर विश्वास ठेवायचाच आहे गं, पण गहू गेला कुठून?”

आम्ही दारातच बसलो आणि ते चार दिवस चाळून काढले. बुधवारी, गुरुवारी मी खाल्ली होती उकडलेली अंडी, खजूर आणि घरून नेलेली मक्याची बिस्किटं. शुक्रवारी दुपारी सगळ्या संघाला तिथल्या हाज्जा अल्जियाने जेवायला बोलावलं होतं; हजला जाऊन आलेली म्हणून सगळे तिला हाज्जा म्हणतात. बाकीच्यांना गव्हाचं कुसकुस, म्हणजे वाफवलेला रवा आणि वर रस्सा, माझ्यासाठी मक्याचं, वेगळ्या भांड्यात.

“ते तर मी स्वतः तपासलं,” मी म्हटलं. “स्वयंपाकघरात उभी होते मी. मक्याचा रवा तिने घरी दळलेला. मसाले अख्खे. भांडी नवी कोरी, माझ्यासाठी आणलेली. डावसुद्धा नवा. गव्हाचं सगळं दुसऱ्या खोलीत. मगच मी अंगणात येऊन बसले.”

“आणि सी लझहरने भाषण सुरू केलं.”

“ते संपेना म्हणून मी चिमण्या बघत बसले होते. कपड्यांच्या तारेवर एक चिंधी वाळत होती आणि तिच्यासाठी त्यांची नुसती मारामारी चालली होती. तेवढ्यात ताट आलं.”

“कुसकुस काय झालं होतं पण!” रफीका म्हणाली. “मक्याचं इतकं मोकळं मी कधी पाहिलं नाही. मी आत डोकावले तेव्हा त्या हंडीतून वाफेचा एक धागा बाहेर येत नव्हता.”

हे तिने सहज सांगितलं आणि मीही सहज ऐकलं. माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं.

“रफीका, अंतिम सामना कुणाशी होता?”

“अन्नाबाच्या जोडीशी.”

“आणि त्या जोडीत गोळा उडवणारी कोण होती?”

रफीकाने तोंडावर हात ठेवला. “हाज्जाची सून.”

४. हाज्जाचं अंगण

“तिला विचारणार तरी कसं?” रफीका म्हणत होती. “जिच्या घरी जेवलो, तिला म्हणायचं, बाई, तू विष घातलंस का?”

“तोंडानेच विचारणार.”

“आणि विम्याशिवाय सीमा ओलांडणार? पुन्हा काही झालं तर?”

“तर तू डॉक्टरला या वेळी नीट उत्तर दे.”

ती निमूटपणे माझ्याबरोबर शेअर टॅक्सीत बसली. तबर्का गाव मागे टाकून, सीमेवर शिक्के मारून आम्ही अन्नाबाला पोचलो. जवळ अंडी, खजूर आणि बिस्किटं होती. घाबरले नव्हते असं म्हणणार नाही. इस्पितळातली ती खाट डोळ्यांसमोर येत होती. पण घरी बसून खोटारडी म्हणवून घेणं मला त्याहून जड गेलं असतं.

हाज्जा अल्जिया सत्तरीची, दारातून तिरकी होऊन जावी अशी धिप्पाड बाई. आम्हाला पाहताच तिने दोघींना छातीशी आवळलं आणि मी आलेलं कारण सांगितल्यावर सोडून दिलं.

“काय म्हणतो तो विमावाला? माझ्या घरी आलेल्या पाहुणीने चोरून पाव खाल्ला? म्हणजे अल्जियाचं जेवण कमी पडलं?”

“तसं नाही, हाज्जा.”

“तसंच आहे! बेजामध्ये लोक म्हणत असतील, म्हातारीने पाहुणीला उपाशी ठेवलं!”

“हाज्जा, मला दुसरंच विचारायचंय,” मी मन घट्ट करून म्हटलं. “तुझी सून दुसऱ्या दिवशी माझ्याशी खेळणार होती.”

तिला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. कळला तेव्हा तिचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता घराबाहेर काढते. पण तिने सुनेला हाक मारली आणि सून बाहेर आली ती आमच्याहून जास्त चिडलेली.

“त्या शुक्रवारी मी दिवसभर मैदानात होते, सगळ्यांनी पाहिलंय,” सून म्हणाली. “आणि तुम्हाला सांगू? तो चषक मी कपाटावर मागे ढकलून ठेवलाय. न खेळता मिळालेला चषक पाहुण्यांना काय दाखवायचा? तुम्ही मार्सेयला या. तिथे बघून घेईन.”

हिच्यावरही संशय धरता येईना. राहिली एकटी हाज्जा. मी पुन्हा मुळापासून विचारलं. हंडीत काय काय घातलंस? तिने बोटांवर मोजत सांगितलं. मटण, गाजर, सलगम, दुधी, भिजवलेले चणे, तेल, तिखट, हळद. वरच्या भोकांच्या पात्रात मक्याचा रवा, मीठ आणि पाणी. मी दुसऱ्यांदा विचारलं, तिने दुसऱ्यांदा तेच सांगितलं, सलगम दोन्ही वेळा विसरून मागाहून आठवलं. ती खोटं बोलत नव्हती. खोटं बोलणारा माणूस सलगम दोनदा विसरत नाही आणि दोनदा आठवून परत सांगत नाही.

“भांडी कुठून आणलीस?”

“खालची हंडी माझ्या बहिणीने दिली, कधी न वापरलेली. वरचं पात्र बाजारातून आणलं. दोन्हींना गव्हाचा वाससुद्धा लागलेला नाही.” तिने बाह्या वर केल्या. “चल आत. जसं तेव्हा केलं तसंच आत्ता करते. या वेळी अंगणात जाऊ नकोस. शेवटपर्यंत उभी राहा आणि दाखव मला, माझ्या हातून कुठे गहू पडला.”

५. पट्टी

मी उभी राहिले. रफीकाही माझ्यामागे उभी राहिली. मटण परतलं गेलं, भाज्या पडल्या, पाणी उकळलं. हाज्जाने मक्याच्या रव्यावर पाणी शिंपडून तो हाताने चोळला, पात्रात भरला आणि पात्र हंडीवर ठेवलं. या सगळ्यात गव्हाचा कण नव्हता. माझी आशा मावळत चालली. आता परत जाऊन नूमानला काय सांगणार होते मी? गहू पंख लावूनच गेला म्हणून?

दोन ठिकाणची भांडी ती, जोडी नीट बसली नव्हती. सांध्यातून वाफ सुटू लागली. हाज्जाने आमच्याकडे न पाहता खिडकीतून हात बाहेर काढला, तारेवरची चिंधी ओढली, एका वाडग्यात बुडवली, पिळली आणि सांध्याभोवती गुंडाळू लागली.

“हाज्जा, थांब!”

ती दचकली. “काय झालं?”

“हे काय आहे?”

“पट्टी. वाफ जाऊ नये म्हणून. तुमच्याकडे बांधत नाहीत?”

“बांधतात. वाडग्यात काय आहे?”

“पीठ कालवलेलं पाणी. त्याशिवाय पट्टी चिकटेल कशी?”

“कशाचं पीठ, हाज्जा?”

वाडगं तिच्या हातात होतं. ते तिने असं खाली ठेवलं की जणू चटका बसला.

मी पुढे होऊन पाहिलं. वाफेने ओल्या झालेल्या पट्टीतून पांढरे ओघळ आतल्या बाजूने हंडीत उतरत होते. थोड्या वेळाने पट्टी वाळली असती, सोलून काढताना तिचे पापुद्रे रश्श्यात पडले असते आणि तोच रस्सा माझ्या ताटात वाढला गेला असता. मग चिंधी तारेवर गेली असती. कापड काही चिमण्या खात नाहीत. त्या दिवशी त्या पिठासाठी भांडत होत्या आणि मी मजा बघत बसले होते.

मी स्वतःवरच चिडले. आईच्या हाताखाली असल्या पट्ट्या मी किती पिळल्या असतील! पण माझ्या घरची जोडी एकमेकींवर घट्ट बसते, पट्टी लागत नाही, म्हणून ती मनातूनच गेली. आणि हाज्जाने दोन्ही वेळा खरं सांगितलं होतं. हंडीत काय घातलं ते मी विचारलं, तेच तिने सांगितलं. पट्टी भांड्याची असते. ती जेवणात कुणी धरत नाही. तिच्या आईनेही धरली नसेल आणि माझ्या आईनेही नाही.

हाज्जा स्टुलावर बसली होती. “तुझ्यासाठी म्हणून मी नवं पात्र आणलं,” ती हळू म्हणाली. “जुनीच जोडी ठेवली असती तर पट्टी लागली नसती.”

“जुन्यात गव्हाचं शिजलं होतं, तेही चाललं नसतं. हाज्जा, माझ्यासाठी आजवर एवढं कुणी केलेलं नाही.” हे मी तिला बरं वाटावं म्हणून बोलले नाही, ते खरंच होतं.

मागे रफीका रडत होती. तिने माझा खांदा धरला. “मुंजिया, मला माफ कर. मी डॉक्टरला...”

“नंतर रड. शनिवारच्या आत नूमानला पटवायचंय.”

“त्याला कसं पटेल? तो म्हणेल, आता रचलेली गोष्ट आहे. म्हणेल, तुम्हाला कळायला हवं होतं.”

हाज्जाने डोळे पुसले आणि उठून हंडीखालची आच बंद केली. “ही भांडी बांधा. त्याच्यासमोर जाऊन मीच सांगते.”

“तू काही सांगायचं नाहीस, हाज्जा,” मी म्हटलं. तोवर माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. “तू फक्त स्वयंपाक कर. सांगेल तो नूमानच.”

६. टोक धर, बाळा

शुक्रवारी नमाजानंतर, आमच्याबरोबर बेजाला आलेल्या हाज्जाने क्लबच्या अंगणात चूल मांडली. लझहर आला, राबेब आली, बूल खेळणाऱ्या सगळ्या बायका आल्या. नूमानला मी सांगितलं होतं, “माझं जेवण कसं बनतं ते एकदा डोळ्यांनी तपासा. गव्हाचा कण सापडला तर मी मार्सेयचं नावसुद्धा काढणार नाही.”

तो तयारीने आला होता. मक्याच्या रव्याची चिमूट जिभेवर ठेवून पाहिली, मसाल्यांचा वास घेतला, हंडीत बोट फिरवलं, डाव उन्हात धरून पाहिला. बायका खुसुखुसू हसत होत्या. मी त्याला एका शब्दाने अडवलं नाही. हाज्जाला सक्त ताकीद होती की, जसं शिजवतेस तसंच शिजव, तोंड उघडू नकोस.

तिने तोंड उघडलंच, पण बरोबर वेळी. सांध्यातून वाफ सुटली, तिने वाडग्यातून पट्टी काढली आणि शेजारी वाकून बघणाऱ्या नूमानला म्हणाली, “टोक धर जरा, बाळा.”

त्याने धरलं. तिने हंडीला फेरा घालून पट्टी आणली, त्याच्या बोटांखाली दाबली आणि म्हणाली, “आता सोड.” त्याने सोडलं. आपल्या आईला मदत करताना त्याने हे शंभरदा केलं असणार, इतक्या सफाईने त्याने ते केलं.

कुसकुस वाफवून झालं. ताट भरलं, वर रस्सा ओतला.

“सी नूमान,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “पहिल्यापासून शेवटपर्यंत तुम्ही इथेच होतात?”

“हललोसुद्धा नाही.”

“यात गहू आहे?”

“मुळीच नाही.”

“माझ्या पथ्यात बसतं? मी खाऊ?”

“खुशाल खा, लल्ला मुंजिया. मी जबाबदार.” तो लझहरकडे वळून हसला. “म्हटलं नव्हतं? पथ्याचं जेवण शिजवता येतं. नियत हवी.”

“तुमच्या बोटांना काय लागलंय?”

त्याने उजवा हात पुढे धरला. दोन बोटांवर आणि अंगठ्यावर पांढरा थर वाळून तडकला होता. तो त्याने अंगठ्याने चोळला. पापुद्रे पडले.

“हे तर...” तो म्हणाला आणि थांबला.

“बोला ना. काय आहे ते?”

“पीठ.”

“कशाचं?”

बायकांच्या नजरा हळूहळू हंडीकडे गेल्या. एकीने कपाळावर हात मारून घेतला, कारण गेल्या ईदला तिने माझ्यासाठी वेगळ्या हंडीत शिजवलं होतं आणि पट्टी बांधली होती. तेव्हा मला त्रास झाला नाही, तो केवळ ताप असल्यामुळे मी जेवायलाच गेले नव्हते म्हणून.

मी सगळं सांगितलं. जोडी न बसणारी भांडी, ओघळ, पापुद्रे, तारेवरची चिंधी, चिमण्या. राबेबने न विचारता सगळे फोटो दाखवले. आणि रफीका पुढे येऊन मोठ्याने म्हणाली, “डॉक्टरला मी जे सांगितलं ते मी पाहिलं नव्हतं. मी चुकले.” हे सगळ्यांसमोर बोलणं तिला किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे.

नूमानने चष्मा काढला, पुसायला लागला आणि काचेवर पांढरे फराटे उठले. “पण मी काही स्वयंपाकी नाही,” तो पुटपुटला. “लल्ला मुंजियांना कळायला हवं होतं.”

“पट्टी बांधली तेव्हा मी अंगणात होते, सोलली तेव्हाही अंगणात होते. आत होते तेवढं सगळं मी तपासलं. तुम्ही तर गहू शोधायलाच आलात, शेजारी उभे राहिलात, गव्हाचं पीठ स्वतःच्या हाताने धरलंत, आणि मला म्हणालात, खा, मी जबाबदार. सांगा, आपल्या दोघांत निष्काळजी कोण? तुम्ही की मी?”

“हे मला मुख्य कार्यालयाला समजावून सांगावं लागेल.”

“सांगा. टोक तुम्हीच धरलं होतं, हेही सांगायला विसरू नका.”

लझहर घसा खाकरून म्हणाला, “उद्या नावं जायची आहेत...” पण राबेबने त्याचा कोट ओढला. “काका, गप्प बसा. पुढच्या वर्षी मी यांना मैदानात हरवून जाणार आहे.”

हाज्जाने गव्हाचा ओघळ उतरलेलं ताट माझ्यासमोरून उचललं आणि नूमानपुढे ठेवलं. मग सावलीत झाकून ठेवलेली दुसरी हंडी आणली. तिच्या सांध्याची पट्टी पिवळी होती. “मक्याच्या पिठाची आहे,” ती म्हणाली. “कापडही नवं. सकाळी रफीकाने माझ्यासमोर फाडलं.”

ताट वाढलं गेलं. वाफ चेहऱ्यावर आली. त्या शुक्रवारनंतर दुसऱ्याच्या हातचं मी काहीच खाल्लं नव्हतं आणि भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? सगळे माझ्या हाताकडे पाहत होते.

“खाता ना?” नूमानने विचारलं.

“आधी विमा,” मी म्हटलं.

त्याने फोन काढला. पलीकडे कुणाशी तरी तो बराच वेळ बोलला, बोलताना बोटावरचं पीठ खरवडत राहिला. “हो, अन्नाबाचा क्लेमही पुन्हा उघडायचा... हो, मी स्वतः पाहिलं... हो, मार्सेय. संपूर्ण विमा.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

“नाही, काही वगळायचं नाही,” तो म्हणाला. “पोटासकट.”

मी पहिला घास घेतला.